वारसाची जागा

आज कोणताही फॉर्म भरायचा नाही. बँकेत जायचे नाही, वकिलांना फोन करायचा नाही. आईच्या कपाटातून काढलेली कागदांची पिशवी समोर ठेवा आणि तिच्याजवळ बसा. इथे आई असे लिहिले आहे; तुमच्या घरी वडील गेले असतील तर वडील समजा. पिशवीत काय आहे ते तुम्हाला साधारण ठाऊक आहे: दोन बँकांची पासबुके, पतपेढीच्या ठेवीच्या पावत्या, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, एलआयसीची पॉलिसी, लॉकरची किल्ली, आणि एका लांब पाकिटात तिचे मृत्युपत्र. पिशवी अजून उघडू नका.

खोली कांजूरमार्गची आहे. खिडकी पूर्वेला असेल तर मिठागरांच्या बाजूचा वारा येईल. पश्चिमेला असेल तर एलबीएस मार्गावरची वाहने ऐकू येतील. स्लो लोकल थांबेल, निघेल. फास्ट न थांबता पुढे जाईल. हे सगळे असू द्या. श्वास आपल्या गतीने चालू द्या.

घाई कुठून येते ते आधी बघा. ती बहुधा तुमची नसते. तेराव्याला कोणीतरी हळूच विचारलेले असते, "खाती नावावर करून घेतलीस का?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या प्रश्नाने मनात एक घड्याळ सुरू होते. भारतीय वारसा कायदा, 1925 या रुक्ष समजल्या जाणाऱ्या कायद्याने मात्र इथे थोडी उसंत ठेवली आहे. त्याच्या कलम 293 नुसार मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस उलटल्याशिवाय कोणालाही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राची न्यायालयीन खातरजमा, देता येत नाही, आणि मृत्युपत्र नसेल तर प्रशासनपत्र, म्हणजे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, चौदा दिवसांच्या आत देता येत नाही. प्रत्यक्षात उच्च न्यायालयातून कागद हातात पडायला महिने लागतात, म्हणून ही तरतूद कोणाच्या ध्यानातही येत नाही. तरी ती आहे. त्या दिवसांत मालमत्तेचा विषय काढायला कायदासुद्धा तयार नाही. तुम्हीही तेवढे थांबू शकता. सात दिवस कधीच होऊन गेले असतील तर आजची ही एक संध्याकाळ थांबा.

आता पासबुक काढा.

शेवटची ओळ हाताने झाका. शिल्लक किती आहे हे आत्ता बघायचे नाही. मागच्या पानांपासून सावकाश वाचत या. दर महिन्याला येणारी पेन्शनची नोंद दिसेल. या पट्ट्यातल्या कारखान्यांत माणसांनी आयुष्ये काढली. अनेक कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, आणि कामगारांच्या पत्नींच्या खात्यात 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली विधवा पेन्शन येत राहिली. ती किती लहान असू शकते हे सांगायला एक आकडा पुरे: किमान पेन्शन महिना 1000 रुपये करण्यासाठी 2014 साल उजाडावे लागले. ही नोंद वाचताना थांबा. वडील आधीच गेले होते. त्यांच्या कामाचा उरलेला मोबदला इतकी वर्षे आईच्या हाती येत होता, आणि आज तोही बंद होतो आहे. एका पासबुकात दोन आयुष्यांचा शेवट नोंदला आहे.

पुढे वाचा. लाइट बिल. सोसायटीचा मेंटेनन्स. गणपतीच्या आधी काढलेले पैसे. नातवाच्या फीसाठी केलेले हस्तांतर. आणि कुठेतरी तुमचे नाव. घराच्या डाउन पेमेंटला कमी पडत होते तेव्हा दिलेले, "देईन परत" म्हणून घेतलेले आणि दोघांनीही पुन्हा न काढलेले. त्या ओळीवर बोट ठेवा. लाज वाटली तर वाटू द्या, पण बोट उचलू नका. ती रक्कम आईने भेट म्हणून दिली होती की उसनी, हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. उसनी असेल तर ती तिच्या मालमत्तेतली येणी आहे, आणि देणेकरी तुम्ही. भावाला किंवा बहिणीला हे माहीत नसेल. तुम्हाला आहे.

मग शेवटची पाने. काढलेल्या रकमा वाढतात: औषधे, तपासण्या, डायपर, रात्रीची मावशी. सहीने काढलेले पैसे कमी होतात आणि एटीएमचे वाढतात, कारण आई आता बँकेत जाऊ शकत नव्हती आणि तिचे कार्ड घरातल्या कोणाकडे तरी होते. आता मृत्यूची तारीख आठवा आणि तिच्यानंतरच्या ओळी बघा. खाते चालूच असते. व्याज जमा होते. कधी कधी पुढच्या महिन्याचे पेन्शनही येऊन पडते, कारण बातमी अजून कार्यालयात पोचलेली नसते. ते पेन्शन आईचे नाही आणि तुमचेही नाही. ते परत जायचे आहे. कार्डाचा पिन घरात सगळ्यांना ठाऊक असतो आणि दवाखान्याचे बिल तर खरेच भरायचे असते, म्हणून पुष्कळ चांगल्या घरांतून मृत्यूनंतरही पैसे काढले जातात. तसे करू नये. खातेदार गेल्यावर त्या कार्डाने व्यवहार करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही, आणि पुढे भावंडांत शंकेची पहिली ठिणगी बहुतेक वेळा याच ओळींवरून पडते. कार्ड पाकिटात घालून चिकटवून टाका. काढले गेले असतील तर ते कशासाठी काढले ते बिलासकट लिहून ठेवा.

आता लांब पाकीट. मृत्युपत्र उघडा. मजकूर आत्ता वाचू नका. थेट शेवटच्या पानावर जा. तिची सही आहे, थोडी कापरी. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. कायद्याला निदान दोन साक्षीदार लागतात. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. हे दोघे कोण होते? शेजारच्या ब्लॉकमधले काका, कदाचित कुटुंबाचे डॉक्टर. त्यांनी कधी तुम्हाला सांगितले नाही. एका दुपारी ते तुमच्या घरी आले, आईने त्यांच्या देखत सही केली, त्यांनी तिच्या देखत केली, चहा झाला आणि ते गेले. ती दुपार तुम्हाला माहीत नव्हती. आईच्या आयुष्यात तुम्हाला माहीत नसलेल्या दुपारी होत्या, हे मनाशी येऊ द्या. मृत्यूनंतर तिच्याविषयी कळणारी ही पहिली नवी गोष्ट असेल.

प्रोबेट म्हणजे याच पानाची खातरजमा. हे मृत्युपत्र तिचेच आहे, शेवटचे आहे, रीतसर झाले आहे, एवढे न्यायालय पाहते. घर खरोखर तिच्या मालकीचे होते का, हा प्रश्न त्या अर्जात सुटत नाही. मुंबईकरांच्या वाट्याला प्रोबेट विशेष करून आले ते इतिहासामुळे. ब्रिटिशांच्या तीन मोठ्या शहरांत, म्हणजे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत, उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीत झालेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना 1925 च्या कायद्याने प्रोबेट आवश्यक केले. कांजूरमार्ग महसुली हिशेबात उपनगर जिल्ह्यात आहे, पण या हद्दीच्या आत आहे. मुलुंडचा चेक नाका ओलांडून ठाण्यात राहणाऱ्या, तिथेच मृत्युपत्र केलेल्या मावशीच्या मुलांना जे करावे लागले नाही ते तुम्हाला करावे लागे. ही सक्ती ज्या कलम 213 मध्ये होती ते कलम संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळले. सक्ती गेली, तरी मार्ग खुला आहे. मृत्युपत्राविषयी शंका असेल, भावंडांत एकमत नसेल, किंवा समोरची संस्था न्यायालयाच्या शिक्क्याशिवाय पुढे जायला तयार नसेल, तर आजही पावले फोर्टातल्या 1878 च्या त्या दगडी इमारतीकडेच वळतात.

मला स्वतःला या प्रक्रियेतली एक गोष्ट मोलाची वाटते. मृत्युपत्र नसते तर ज्यांना वाटा मिळाला असता, त्यांना न्यायालय कळवते. सूचना न्यायालयात लागते, जिल्हाधिकारी कार्यालयात लागते. ज्याला काही म्हणायचे आहे त्याने येऊन म्हणावे. ज्याला हरकत आहे त्याने कॅव्हेट दाखल करावे. घराघरांत जे दाराआड, अर्ध्या वाक्यांत आणि तिसऱ्याच्या तोंडून चालते, ते इथे उघड्यावर येते. म्हणून न्यायालयाचा कागद बहिणीच्या हाती पडण्याआधी तुम्ही तिच्याकडे जा. आत्ता, बसल्या जागी, तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. ती डोंबिवलीला असेल, पुण्याला असेल, न्यू जर्सीत असेल. मृत्युपत्रात तिला कमी मिळाले असेल. "आईने असे का केले" हा प्रश्न तिला विचारायचा आहे, आणि उत्तर देणारी आता नाही. तुम्ही आईच्या वतीने उत्तर देऊ नका. तिच्या प्रश्नाजवळ नुसते बसा. बराच वेळ बसा.

मग नॉमिनीचा विषय येतो. फॉर्मवर तुमचे नाव आहे, आणि मन म्हणते की आईने ते पैसे मला दिले. या वाक्याला हळूच हात लावून बघा. 2023 च्या डिसेंबरातला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल याच वाक्याबद्दल आहे, आणि तो ज्या घरातून आला ते घर मराठी माणसाला परके नाही. 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर 20 ऑगस्ट 2013 रोजी गेले. ज्यांच्या दिनदर्शिकेत आपण श्राद्धाच्या तिथी पाहतो, त्यांच्या मागेही मृत्युपत्र होते, गुंतवणुका होत्या, त्या गुंतवणुकांवर नॉमिनींची नावे होती, आणि मालकी कोणाची हा प्रश्न होता. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या नावाने तो मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने सांगितले की शेअर आणि सिक्युरिटीजचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. विम्याबाबत तेव्हाच्या कायद्यानुसार हेच 1983 मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितले गेले होते; तो कायदा 2015 मध्ये बदलला. हाउसिंग सोसायटीतही 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेतात, खरे वारस ठरेपर्यंत. एवढ्या थोर माणसाच्या घरातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, तर तुमच्या घरात तो निर्माण होणे हा कोणाच्या संस्कारांचा दोष नाही. फॉर्मचा तो रकाना भरताना काउंटरपलीकडून कोणी विचारले होते, "नॉमिनी कोण?" आणि आईने शेजारी उभे असलेल्याचे नाव सांगितले होते. शेजारी तुम्ही होता. तुमच्यावर तिने विश्वास टाकला तो पैसे घेण्याचा. ठेवून घेण्याचा निर्णय तिने दुसऱ्या कागदावर लिहिला आहे, किंवा कायद्यावर सोडला आहे.

इथे श्वास पुन्हा जागेवर येऊ द्या. पुढचा भाग सावकाश घ्यायचा आहे.

त्याच 1925 च्या कायद्यात मृताचे पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे ते लिहिले आहे. कलम 320 पासून पुढची ही कलमे फार कोणी वाचत नाही. डोळ्यांसमोर रेशनच्या दुकानासारखी एक रांग आणा. दुकानात आईने मागे ठेवलेले आहे. सगळ्यांत पुढे अंत्यविधीचा वाजवी खर्च उभा आहे, तिच्या मानाला साजेसा, आणि त्याच्याबरोबर अखेरच्या आजारपणाचा: डॉक्टरांची फी, मृत्यूआधीच्या एका महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च. हे सगळ्या कर्जांच्याही आधी. ज्याने शववाहिनी आणली, ज्याने रात्री अडीचला ऑक्सिजनचा सिलिंडर जिन्यावरून चढवला, ते इथे आहेत. त्यांचे पैसे भावाने दिले असतील तर भाऊ इथे आहे. त्यांच्याकडे बघा.

त्यांच्यामागे न्यायालयाच्या कामाचा खर्च. त्याच्याकडे फार बघायची गरज नाही.

त्यानंतर कोण उभे आहे? बँक नाही, पतपेढी नाही, आयकर खातेही नाही. मृत्यूआधीच्या तीन महिन्यांत जिने किंवा ज्याने मृताची चाकरी केली त्यांची राहिलेली मजुरी. मजूर, कारागीर, घरकामगार. म्हणजे रात्रीची मावशी. आईला कुशीवर वळवणारी, बेडपॅन देणारी, तीन वाजता "पाणी" म्हटल्यावर उठणारी. शेवटच्या महिन्याचे तिचे पैसे दिले होते का? आठवा. गडबडीत ब्युरोला फोन करून "आता उद्यापासून नको" एवढेच सांगितले गेले असेल. भांडीवालीचे अर्ध्या महिन्याचे राहिले असतील. इस्त्रीवाल्याचे, पेपरवाल्याचे. कायद्याने साध्या कर्जांच्या आणि तुमच्या आधी उभे केलेली ही माणसे सहसा मागायला येत नाहीत. दुःखाच्या घरात पैसे मागू नयेत, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. म्हणून तुम्ही त्यांच्याकडे जायचे. माझे मत विचाराल तर अपूर्ण महिन्याचा पूर्ण पगार द्यावा, आणि पाकीट घेऊन स्वतः जावे.

मग कर्जे. पतपेढीचे, सोन्यावरचे, सोसायटीची थकबाकी. बापाचे कर्ज मुलाने स्वतःच्या खिशातून फेडलेच पाहिजे, असे जुने हिंदू धर्मशास्त्र सांगत होते, आणि वडिलोपार्जित मालमत्तेपुरते न्यायालयेही ते मानत होती. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने ते बंधन पुढच्या कर्जांसाठी संपवले. मुलींना मुलांच्या बरोबरीने वडिलोपार्जित हक्क देणारी तीच ही दुरुस्ती. आता आईचे देणे तिच्या मालमत्तेतून, त्या मर्यादेत फेडायचे. ज्याच्यावर या भीतीचे ओझे आहे त्याने ते इथे खाली ठेवावे. मात्र काही देणी कागदावर नसतात. भिशीचा नंबर तिला लवकर लागला असेल आणि उरलेले हप्ते बाकी असतील. वाण्याच्या वहीत तिचे नाव असेल. शेजारणीकडून घेतलेले दोन हजार असतील, ज्यांचा पुरावा फक्त शेजारणीच्या मनात आहे. बिल्डिंगमध्ये चार दारे वाजवून विचारा, "आईचे काही द्यायचे राहिले होते का?" बहुतेक ठिकाणी "नाही हो" असे उत्तर येईल आणि तुम्हाला आत बोलावून बसवतील, आणि आईची एखादी ऐकलेली नसलेली गोष्ट सांगतील.

हे सगळे झाल्यावर रांगेच्या शेवटी कोण दिसते? तुम्ही, भाऊ, बहीण. कर्जे फिटल्याशिवाय मृत्युपत्रातले दान द्यायचे नाही असे कलम 325 सांगते, आणि मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटे देण्याची सक्ती मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यवस्थापकावर नाही. या जागेवर थोडा वेळ उभे राहा. इथे उभे राहिल्याने कोणी लहान होत नाही. पुढच्या सगळ्यांची पाठ दिसते, आणि आईचे आयुष्य किती माणसांना लागून होते ते दिसते. शिल्लक झाकून ठेवायला सांगितले होते ते यासाठी. आता हात काढा, आकडा बघा. जो असेल तो असू दे.

कामे पुष्कळ राहतील. नावांचा गुंता निघेल: शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, जुन्या पावतीवर फक्त आद्याक्षर, आणि ही सगळी एकच बाई असे प्रतिज्ञापत्र तुम्हाला करावे लागेल. दहा वर्षे न हाललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली असेल. ती बुडत नाही, त्याच बँकेकडून मागता येते, आणि कुठे काय पडून आहे ते 2023 पासून उद्गम पोर्टलवर शोधता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनी कागद पूर्ण मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायला सांगितले आहे, आणि नॉमिनी नसला तरी सहकारी बँकेत 5 लाख, इतर बँकांत 15 लाखांपर्यंत, वाद नसेल तर, सोपी पद्धत ठेवली आहे. प्रोबेट मिळाले तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. काउंटरवर कोणी चिडले, कोणी पुन्हा यायला सांगितले, तर समोरचा माणूस दिवसाकाठी कितीतरी मृत्यूंचे कागद हाताळतो हे लक्षात असू द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

लॉकर शेवटी उघडा, आणि एकट्याने उघडू नका. बँक साक्षीदारांसमोर यादी करते ती करू द्या. भावंडांना येता येईल असा दिवस निवडा. मंगळसूत्राची वाटी, चांदीची निरांजने, कोणाच्या तरी बारशाची वाळी बाहेर येतील. वजन लिहिले जाईल. ती कोणाची वाळी होती यावर भावंडे बोलू लागतील. बोलू द्या.

आता एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर आईचे पूर्ण नाव लिहा, जन्माची आणि मृत्यूची तारीख लिहा. दुसऱ्या पानावर तिला कोणाचे देणे होते ते, आणि त्यात सगळ्यांत वर मावशीचे नाव आणि राहिलेले दिवस. तिसऱ्या पानावर तिची येणी, आणि तुम्ही उसने घेतले असतील तर तुमचे नाव. वही भावंडांना कधीही बघता येईल अशा ठिकाणी ठेवा. उद्या सकाळी भांडुपला महापालिकेच्या एस विभागात जाऊन मृत्यू दाखल्याच्या आणखी प्रती मागा. त्या नेहमी कमी पडतात. येताना मावशीकडे जाऊन या.